कव्हरवर न छापलेला मजकूर

दोन पानं लिहून द्या, म्हणाले,
घराणं, गुरू, वाद्याची जात,
लोकांना धरायला काहीतरी लागतं.
मी तीन ओळी दिल्या.
सॅक्सोफोन: आबोली च्यारी.
व्हायोलिन: इनास कुलासो.
ध्वनिमुद्रण: बेतूल, बंद पडलेला बर्फाचा कारखाना.
तेवढंच छापलं.

उरलेलं हे.

कारखान्यात दोन खोल्या.
मोठीत पूर्वी लाद्या जमायच्या.
डबे भंगारात गेले, हौद तसाच.
तिथे टाळी वाजवली की ती सावकाश फिरायची,
कोपऱ्याकोपऱ्यात डोकावून परत यायची.
दुसरी शीतखोली, भिंतींना बुचाचं अस्तर.
तिथे टाळी हातातल्या हातात मरायची.
आबोली म्हणाली, मी बुचात बसते, बाब हौदापाशी,
मधलं दार उघडं ठेवू.
दार फूटभर जाड. बिजागरीला खोबरेल घातलं,
तरी पहिल्या तुकड्यात चौथ्या मिनिटाला ती बोललीच.
राहू दिली.

आबोली डिचोलीची. बाप पितळेच्या समया ओततो,
लेक पितळेत फुंकते,
वाड्यावर हसायचे ते हसले.
बापाने सॅक्सोफोन एकदाच हातात घेतला,
नखाने टिचकी मारून ऐकला,
जस्त जास्त आहे, म्हणाला,
आणि परत दिला.

इनासबाब इगर्जीतले मेस्त,
लदिनीच्या उकडलेल्या चण्यांवर वाढलेले.
लग्नं, मयतं, फेस्तं,
सगळं कागदावर बघून वाजवलेलं.
आबोलीच्या कागदावर एकही सूर नव्हता.
भरती, असं लिहिलं होतं.
खाली, ओहोटी.
त्याच्याखाली, कोणीतरी थांबेल.
त्यांनी चष्मा पुसून तिन्ही ओळी वाचल्या
आणि विचारलं,
हातूंत शार्प कितले?

तिसऱ्या रात्री हात कापला.
आधीही कापत असणार.
मी मायक्रोफोन गजाच्या वीतभर जवळ आणला
तेव्हा कळलं.
लांब सूर धरला की गज तारेवरून सरकत नव्हता,
बारीक टाके घालत होता.
हें पुसून उडय, बाब म्हणाले,
माझ्याकडे न बघता.

तिने दारातून ऐकलं होतं.
काही बोलली नाही.
रीड जिभेवर ओली केली
आणि त्यांचाच सूर धरला.
अगदी तोच नाही. केसभर उतरलेला.

दोन सूर इतके जवळ आले
की मधे तिसरंच काहीतरी धडधडायला लागतं.
जेटीवर एकाच खुंटाला बांधलेल्या होड्या
रात्रभर एकमेकींना कोपर मारत असतात, तसं.
ती ओठ सैल सोडी, धडधड वाढे,
आवळी, मंदावे.
हाताच्या कापण्याला शोधत राहिली ती,
अंधारात किल्लीने कुलूप चाचपावं तशी,
आणि एका जागी बसली.

त्यानंतर मला सांगता येईना,
कापतंय ते काय,
बहात्तर वर्षांचा हात
की दोन सुरांमधली फट.
बाबांनाही सांगता येईना, असं वाटलं.
त्यांनी हनुवटी उचलली, दाराकडे पाहिलं,
आणि हात लपवणं सोडून दिलं.

अकरा मिनिटं.
मधे एक ट्रॉलर परतला,
त्याचं इंजिन दोघांच्याही खाली येऊन बसलं,
थोडा वेळ साथ केली, विझलं.
कुणीतरी मासळीचे क्रेट ओढले.
तेही आहे त्यात.

आधी कोण थांबलं
ते मी पन्नास वेळा ऐकूनही ठरवू शकलेलो नाही.
हौदातला आवाज दोघांच्याही मागून बाहेर पडला,
एवढं नक्की.
मग बाब व्हायोलिन फडक्यात गुंडाळत
आतल्या खोलीकडे म्हणाले,
शार्प एकही नव्हता, बाय.

पुढे एका वर्तमानपत्रात छापून आलं,
चौथ्या तुकड्यातील कंपाचे तंत्र
नव्या वादकांनी अभ्यासावे असे आहे.
मी फोनवर वाचून दाखवलं.
पुन्हा वाच, म्हणाले.
पुन्हा वाचलं.
कात्रण मागवून घेतलं त्यांनी.
औषधांच्या डब्यात आहे,
राळेच्या वडीखाली.