दुभाषी म्हणतो, नाही

तळघरातल्या कपाटाला किल्ली लागत नाही,
ढोपरानं ढकललं की उघडतं.
आत कॅथकार्टच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाची बासनं,
सुतळीची गाठ अशी की दातांनीच सोडवावी.
खटला चौऱ्याहत्तरचा. आरोप: मालकानं सांगूनही शेत न सोडणं.
साक्षीदार नोफेझिले, मजूर, वय अंदाजे साठ.
आडनावाच्या जागी रेघ.

प्रश्न: जागा सोडायची नोटीस तुला मिळाली होती का?
मग कंसात, टंकलेखकाच्या कंटाळलेल्या बोटांनी:
साक्षीदार बराच वेळ बोलते.
मग दुभाषी: ती म्हणते, नाही.

एवढंच. पुढचा प्रश्न गुरांचा.

आमच्या खोसा भाषेत नाही म्हणायला
बराच वेळ लागत नाही.
हायी. झालं.

प्राध्यापक ओलोफ्से चष्मा कपाळावर सरकवतात.
"झुकिस्वा, हा प्रबंध आहे की शोकसभा?
चाळीस हजार शब्दांची मर्यादा आहे. यात कायदा कुठं आहे?
आणि एका शितावरून सगळा भात शिजला म्हणू नकोस."

म्हणून मी शितं वेचते.
दोन हिवाळे, त्रेसष्ट बासनं.
मकांडात नळाला पाणी नाही, वसतिगृहाच्या दारात
कुणाची तरी गाढवं उभी, बादलीत तोंड घालून.
मी नखांतली धूळ पुसते आणि मोजते:
बराच वेळ बोलतो, बराच वेळ बोलते, एकशे अकरा वेळा.
त्याखाली हो, नाही, आठवत नाही.
तक्ता सुरेख झाला. तक्त्यात कुणाचाच आवाज चढत नाही.

माझ्यासोबतचा लुंगा आता काळा कोट घालतो,
नवी गाडी दाखवायला आला होता.
आई फोनवर विचारते,
"वकिली शिकून झाली ना? मग आता काय शिकतेस?"
मी म्हणते, संशोधनपद्धती.
ती म्हणते, "औषध घे वेळेवर."

दुभाषी सापडला. कोमानीत राहतो.
त्याआधी नीतिसमितीचा अर्ज, सतरा पानी.
प्रश्न नऊ: मुलाखतीमुळे संबंधित व्यक्तीला त्रास होण्याची शक्यता?
मी 'अल्प'वर खूण केली.

झोलिले माटिवाने, वय पंचाहत्तर,
माझ्यासाठी टाय बांधून बसलेला, पायाशी कोंबड्या.
संमतिपत्र त्यानं दोनदा वाचलं,
स्वल्पविराम एक चुकला होता, तो दाखवला.
"ती बाई आठवत नाही," म्हणाला.
"मॅजिस्ट्रेटचं घड्याळ आठवतं. एकला पाच कमी.
मी चोवीस वर्षांचा, घरी बायको दिवसांत.
मी खोटं सांगितलं नाही, पोरी.
ती नाहीच म्हणत होती. फक्त"
आणि मग तो बोलत राहिला.
एकदा उठला, खिडकी लावली, पुन्हा बसला, पुन्हा बोलला.
चहावर साय धरली.

काल रात्री चौथं प्रकरण कापत होते.
मर्यादेपेक्षा सहा हजार शब्द जास्त.
पहिला परिच्छेद गेला, दुसरा गेला,
तळटीप क्रमांक दोनशे सात उरली. ती अशी:
मुलाखतीत दुभाष्यानं दीर्घ उत्तर दिलं.
सारांश: जबाबदारी मान्य नाही.

मी ते वाक्य पाहिलं.
व्याकरण चोख. संदर्भ नियमाप्रमाणे.
भिंतीवरचं घड्याळ बंद आहे, सेल संपून महिना झाला,
तरी मी त्याच्याकडे पाहिलं.

ओलोफ्से उद्या विचारतील, किती कापलंस?
विचारू देत.
ध्वनिमुद्रण एक तास बेचाळीस मिनिटांचं आहे.
मी कानाला लावलं, सुरुवातीपासून.
आधी बराच वेळ नुसत्या कोंबड्या.
त्याही उतरवून घेते आहे.