टिचकी

प्लास्टिकची खुर्ची वैशाखातल्या वावटळीत उडाली
आणि गव्हाणे सरांच्या कोरड्या हौदात जाऊन पडली,
तेव्हा ठरवलं : आता अंगणात काहीतरी जड.

जिंतूर रोडच्या नर्सरीत
खाजामियाँ कुंड्यांवर पाणी मारत होते.
मागे गव्हाच्या काडात गुंडाळलेली चिनीमातीची स्टुलं,
थेट खुर्ज्याहून ट्रकनं आलेली,
ढोलकीसारखी, पोटाला फुगीर,
अंगभर जाळीची भोकं.

"नुसतं बघू नका, बाई. टिचकी मारा.
डोळ्याला सगळेच चांगले दिसतेत."

हे मला सांगायचं?
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात
या डाव्या कानावर हेडफोन चढवून बसले.
कुणाचा ट्रंककॉल बारशाचा, कुणाचा मयतीचा,
हॅलोच्या आधीच्या श्वासावरून कळायचं.
गंगाखेडची लाइन खरखरायची.
पूर्णेची यायची विहिरीतून बोलल्यासारखी.

वाकले. हिरव्याला मारली : ठण्ण.
मोरपंखी निळ्याला मारली : ठण्ण.
निळं जरा फिरवून पुन्हा मारली :
बद्द.
"केस गेलाय," मी म्हणाले.
खाजामियाँनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला.
काही दिसेना. मग तांब्याभर पाणी ओतलं
आणि आम्ही दोघं उकिडवे बसून वाट बघत राहिलो.
दोन मिनिटांनी उमटली,
पापणीच्या केसाएवढी ओली रेघ.

"मानलं. हे बसायला नको, वर कुंडी ठेवा.
सहाशे कमी द्या. पण निळं कशाला?
इथली धूळ, दोन दिवसांत राखाडी होतंय. मातकट घ्या."
धूळ पुसायला मला वेळच वेळ आहे, मी म्हटलं.
"मग बसायला अजून एक धड घ्या की.
हिरव्यावर तुम्ही. समोर कोण बसणार?"

विचारलं सहजच, बिल लिहिता लिहिता.
मी पर्समध्ये सुटे पैसे शोधत राहिले.
सुटे लागणार नव्हते.

जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणणाऱ्यानं
मे महिन्यात यावं
आणि दुपारी दोनला माझ्या हिरव्या स्टुलावर टेकून दाखवावं.
तवा बरा.
नळ आठ दिवसांनी येतो, त्यामुळे
स्टूल निववायला चांगलं पाणी ओतणं जिवावर येतं.
तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात झाकून ठेवते,
साडेपाचला ओतते. चर्र होतं.
तेच ओघळून कढीपत्त्याच्या आळ्यात जातं,
मग पदरानं पुसून मी बसते.
समोर निळं. निळ्यावर मोगरा.
कुंडी जरा कडेला सरकवली
की कपापुरती जागा होते.
एकाच कपापुरती. मापून बघितली आहे.

परवा कुंडी सरकवताना
सवयीनं टिचकी मारली गेली.
ठण्ण नाही. बद्दही नाही.
आतून कुणीतरी बोललं.

बसक्या, ओशाळ्या आवाजात,
रात्रपाळीत डुलकी लागलेल्या ऑपरेटरसारखं.
गुडघे धरून वाकले, जाळीला डोळा लावला :
कुंडीचं पाणी भेगेतून थेंब थेंब झिरपून
आतली माती मऊ झालेली
आणि त्या गारव्यात एक बेडूक,
थुलथुलीत, मळकट,
गळा हलतोय, लाइन अजून सुरू असल्यासारखा.

कुंडी होती तिथे ठेवली. अलगद.
खाजामियाँना सांगायला हवं,
समोर कुणी बसत नाही, आत बसतं.

संध्याकाळी तांदूळ वाटीभर जास्त धुतले,
पाणी दोघांना पुरावं म्हणून.
धुतले म्हणजे शिजवावेही लागले.
एवढा भात एकटीला कसा संपणार?
पातेलं घेतलं, झाकण घेतलं,
आणि गव्हाणे सरांच्या दारात उभी राहिले.

म्हटलं, माझी एक खुर्ची तुमच्याकडे आहे.