रकाना सातवा

म्हशी आधी सांगतात.
जांभळी कान मागे टाकते, दूध वर चढवते,
हातात राहते नुसती ओली कास.
मग मला कळते, अस्वलीण बोंडवांच्या उतारावर आली आहे.

चरावण्याच्या वर, ओहोळ ओलांडला की
आमचा एकट्याचा गोठा.
एप्रिलात काजूचे बोंडू असे पडतात
की वास टाचांना चिकटून घरात येतो.
आम्ही वेचायला पहाटे जातो.
तिची पाळी आमच्या आधीची, अडीच-तीनची.
मागे राहतात बिया, चोखून स्वच्छ,
जणू रोजंदारीवरच्या बाईने पिळून ठेवल्यात.
त्या मी गोळा करते. विकते.
हे अर्जात लिहायचे का,
ते सोयरू गार्डाने विचारले नाही.

त्याने विचारले, रकाना सातवा:
नुकसान कोणी केले?
मी म्हटले, पाडस नेले ते बिबट्याने.
ही पाडसांकडे बघतही नाही. वारूळ फोडते,
तोंड आत घालून असे ओढते
की पडवीत निजलेल्याला वाटावे,
कोणी शहाळ्यातले शेवटचे पाणी चोखतोय.

"आणि चेहरा?" तो म्हणाला.
चेहरा माझ्या दिराचा, जानूचा.
बारा वर्षांपूर्वी, वळणावर, दोघेही दचकले.
एकाला नखे होती.
आता तो डाव्या बाजूने जेवतो,
आणि म्हशी रानात नेताना
शिव्या घालत जातो, मोठ्याने,
तिला, तिच्या आईला, फॉरेस्टला.
ऐकू गेले की ती वाट सोडते, म्हणतो.
बारा वर्षांत एकदाही उलट उत्तर आले नाही.

परवा मी तिला पाहिली.
पाठीवर दोन पिले, केसांत मुठी रोवून,
वाळपईच्या बसमध्ये पोरे दांडा धरतात तशी.
शेणाच्या खड्ड्याजवळ ती उभी राहिली,
हवा हुंगली, मला हुंगले.
माझ्या एका हातात कोयता, दुसऱ्यात कासंडी.
कोयता उचलला नाही. ठेवलाही नाही.
दावणीला जांभळी फुरफुरली,
तशी ती चार पायांवर आली
आणि ओहोळात उतरून गेली.
बोंडू तसेच.
त्या दिवशी सगळ्या बिया मलाच पिळाव्या लागल्या.

सोयरूचे पेन अजून सातव्यावर.
लिही, म्हटले, दूध एक शेर कमी.
"ते झाले. पण कोणी केले?"
जांभळीने, मी म्हटले.
त्याने खरेच लिहिले असते,
पण तेवढ्यात उतारावरून जानूच्या शिव्या येऊ लागल्या,
आणि आम्ही दोघेही
पुढे काय ऐकू येते, म्हणून गप्प झालो.