स्टोअरकीपर

रबाळ्याच्या कंपनीत
सोळा वर्षं माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
कॉस्टिक वेगळं, आम्ल वेगळं,
मध्ये भिंत, भिंतीवर पाटी,
सहीशिवाय पिंपाचं बूच फिरत नाही.
ऑडिटवाले रजिस्टर चाळतात,
"पाळंद्यांचं स्टोअर म्हणजे देवघर" म्हणतात,
चहा पिऊन जातात.

आणि घणसोलीत, घरी,
सिंकखाली
लिंबू सरबताच्या बाटलीत ॲसिड,
शनिवारच्या सायकलवाल्याकडून सुटं घेतलेलं.
लेबलवरचं लिंबू अजून टवटवीत.
शेजारी संडासाचं निळं औषध,
फ्रिजमागे उंदरांची वडी,
साड्यांमध्ये डांबरगोळ्या,
पेपरमिंटच्या सख्ख्या बहिणी.

मंगळवारी पहिल्या पाळीहून आलो
तर शार्वी भातुकली मांडून बसलेली.
बोटभर वाटीत निळं.
समोर टिचकी,
शेपूट पायांभोवती गुंडाळून, पाहुणीसारखी.
"बाबा, ही शलबत पीतच नाही."

टिचकीनं एकदा हुंगलं असणार,
मिशा मागे घेतल्या असणार.
एवढंच.

ओरडायला आवाज फुटला नाही.
तिचे हात नळाखाली धरले, किती वेळ,
तोंड उघड, जीभ दाखव,
तू प्यायलीस का गं? खरं सांग.
ती माझ्याकडे बघतच राहिली.
"आधी पाहुण्यांना द्यायचं ना?"

सुवर्णा बँकेतून आली, ऐकून
चप्पल न काढता खाली बसली.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"तिथे कुलूप लावता.
तिथे तर सगळ्यांना वाचता येतं."

ॲसिड, साहेबांना विचारून,
कंपनीच्याच ईटीपीत गेलं.
विचारताना मान वर झाली नाही.
वडी गेली, गोळ्या गेल्या.
उरलेलं आपापल्या मूळ बाटलीत,
माळ्याखालच्या कपाटात, कडी घालून.
वर कंपनीतला स्टिकर डकवला:
कवटी, खाली दोन हाडं.

शार्वी खालून न्याहाळत होती.
"बाबा, हा हसतोय."

त्याच रात्री कुलूप आणलं.
किल्ली जुडग्यात, सतरावी.

दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या रेघा आहेत,
पेन्सिलीच्या, तारखेसकट.
परवा नवी काढली.
सुवर्णा म्हणाली, चार बोटं वाढली की!
मी हसलो,
आणि रेघेपासून कडीपर्यंत
नजरेनंच टेप लावली.
मग स्टूल उचलून
बाल्कनीत ठेवलं.