दुर्बीण क्रमांक चार

येडशीच्या गेटावर माझ्या ताब्यात
चार दुर्बिणी,
एक वजनकाटा, कशाला दिलाय
ते वरच्या ऑफिसलाही आठवत नाही,
सतरा हिरव्या टोप्या, पैकी नऊ फाटक्या,
पक्ष्यांचा तक्ता, ज्यातला निळा चास
उन्हानं बगळ्याइतका पांढरा झालाय,
आणि एक लांब रजिस्टर.

दुर्बीण पाहिजे तर ओळखपत्र ठेवा.
बाटली नेली तर बाटली आणा.
गाणी लावायची नाहीत. मनोऱ्यावर एका वेळी सहा.
दिवसातून चाळीसदा म्हणते.
झोपेतही म्हणते, असं घरचे सांगतात.

रजिस्टरात शेवटचा रकाना: काय पाहिलं?
मोर, ३.
मोर.
मोर (फक्त आवाज).
काहीच नाही पण बरं वाटलं.
नळाला पाणी नाही.
लातूरच्या कॉलेजची पोरं: मोर, मोर, मोर, वरीलप्रमाणे.
चौथीतल्या एका पोरानं मात्र लिहिलं होतं
भिंगावर मुंगी चालत होती, हत्तीएवढी.
त्याला मी टोपी दिली. न फाटलेली.

मग माघातल्या मंगळवारी, भर दुपारी, तो आला.
मायाप्पा लवटे, वय रजिस्टरात सत्तर,
स्वतः म्हणाला, लिही काय पण.
कनवटीची पिशवी सोडून तिकिटाचे तीस रुपये मोजले,
दहाच्या तीन नोटा, घामानं मऊ.
माझी मेंढरं हितंच व्यायची, म्हणाला,
तक्रार नव्हती त्यात,
जसं कुणी सांगावं, आज वारं खालून आहे.

दुर्बीण कशाला, आजोबा?
बगू म्हनलं,
सरकारी डोळ्यानं कसं दिसतंय.

ओळखपत्र घरी राहिलेलं.
नियम तो नियम. त्यानं काठी ठेवली टेबलावर.
जमा: वेळूची काठी, एक. मी लिहिलं, सही केली.
आणि मग काठीवाचून त्याला चढ चढवेना
म्हणून गेट बंद करून मीच
त्याला दंडाला धरून मनोऱ्यापर्यंत नेलं.
माझ्या सहा वर्षांच्या नोकरीत
गेट फक्त तेवढं एकदा बंद होतं.

वर वारा. धावडे निष्पर्ण, हिवर पिवळट,
खाली गवत वाळून कातडीसारखं.
मी दाखवत राहिले, पाठ केलेलं:
तो शिक्रा, ती तळ्याकाठची टिटवी,
तो मातीचा ढीग म्हणजे वारूळ.
तो हूं म्हणायचा आणि दुर्बीण
भलतीकडेच धरायचा, पलीकडच्या उतारावर,
जिथं दगडांचं एक मोडकं रिंगण आहे.
आमच्या नकाशात ते नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं गळ्यातला पट्टा काढला,
दुर्बीण माझ्या हातात दिली.
तू बग, मला दिसतंय.
काय?
लांडगं. त्या बोरीच्या सावलीत. बसलंय.

मी चाक फिरवलं.
धुकं, मग फांदी, मग नुसतं पिवळं,
मग माझ्याच पापण्यांचे केस.
तो शेजारी हळू हळू बोलत होता:
आता कान फिरवला. आता उठलं.
मादी हाय. पोटाशी हाय. थांबली. बगतीय आपल्याकडं.
चित्र स्वच्छ झालं तेव्हा
बोरीखाली सावली होती, जरा दबलेलं गवत,
एवढंच.

त्याचं कोकरू कधी नेलं का, मी विचारलं.
नेलं की. त्याच्या वाटनीचं.

उतरताना तो माझ्या दंडावर, मी त्याच्या सांगण्यावर:
हितं गोटा सुटा हाय, हितं पाय आडवा टाक.
काठी परत. दुर्बीण परत, क्रमांक चार, झाकण नाही, आधीचंच नव्हतं.
पेन पुढं केलं. काय पाहिलं, लिहा.
तू लिही, म्हणाला.
लांडगा लिहू?
तो माझ्याकडे असा बघत राहिला
जसं मेंढपाळ कळपात घुसलेल्या नव्या कुत्र्याकडे बघतो,
अजून ठरलेलं नसताना.
उद्या गाड्या येतील, म्हणाला. मोर लिही.

मी मोर लिहिलं.

महिनाअखेरीला बेरीज पाठवायची असते.
कंदिलाएवढ्या दिव्याखाली रकाना वाचत बसले,
मोर, मोर, मोर (फक्त आवाज),
आणि पहिल्यांदाच थांबले प्रत्येकाच्या सहीपाशी,
बार्शीचा डॉक्टर, कळंबच्या दोघी बहिणी,
तो एकटा आलेला, चप्पल तुटलेला मुलगा.
बेरीज दोनदा चुकली.