ओळंबा

योवाना विचारते, भिंत बांधताना
तू कुठल्या बाजूला उभा होतास, बाबा?

तिला लिमा शहर असं वरूनच माहीत:
धुकं, पायऱ्या, निळी पिंपं,
आणि टेकडीच्या माथ्यावरून गेलेली ती,
डोक्यावर काटेरी तार.

मी म्हणतो, परांचीवर.
ती म्हणते, आणि परांची?

त्यांच्या बाजूला.
सावली तिकडे होती.
पाणीही तिकडेच होतं, नळाचं, हवं तेवढं,
सिमेंट कालवायला.
पहिल्या दिवशी मेलितोन नळाखाली डोकं धरून
उभाच राहिला, मुकादम ओरडत होता तरी.

मजुरी रोख होती, आणि रोजची रोज.
खोटं कशाला बोलू, त्या दोन महिन्यांत
आमच्याकडे आठवड्यातून दोनदा कोंबडी शिजली.
योवानाच्या पायातले पहिले बूट
त्याच भिंतीचे.

गोणीवर एक आडनाव छापलेलं.
तेच बँकेच्या पाटीवर.
तेच पाण्याच्या टँकरवर,
जो मंगळवारी आमच्याकडे धापा टाकत चढतो
आणि एका पिंपाचे एवढे घेतो
की तेवढ्यात खाली पोहायचा तलाव भरावा.
निवडणुकीला चार जण उभे राहतात;
आडनाव तेच,
कधी बापाकडून, कधी आईकडून.

मी रेषा चुकू दिली नाही.
ओळंबा सोडला की तो सरळ खाली बघतो,
कुणाला पत्ता विचारत नाही.
मला त्या कामाचा अभिमान होता.
अजून आहे,
हेच तिला सांगता येत नाही.

शेवटची वीट बसली
आणि माझं घर दिसेनासं झालं.
दहा पावलं. बायकोची हाक ऐकू येत होती.
रखवालदाराने पिशवी उपसून पाहिली, थापी मोजली,
मोठ्या फाटकातून बाहेर काढलं.
दोन बस, मग दोनशे चाळीस पायऱ्या.
पोचलो तेव्हा सूप गार.

भिंतीला कान असतात म्हणतात.
मी एकेक वीट लावलीय, मला तरी दिसले नाहीत.
म्हणून पोरं आता पातेली बडवतात,
रात्री नऊला, माथ्यावर जाऊन.
खाली कुत्री भुंकतात, बागेतले दिवे लागतात,
एक मोटार हळूहळू फिरून जाते.
सकाळी तारेवर नवी तार.
लावणारा मेलितोनचा मुलगा.
मजुरी रोख.

आज योवानाही निघते,
पोचे आलेलं आमचं पातेलं घेऊन.
दारात थांबून विचारते,
पाया किती खोल आहे?

हातभर.
खाली खडक लागला होता, मुकादमाला घाई होती,
कागदावर मीटरभर लिहिलं.
हे आता मला एकट्यालाच माहीत.

मी काही बोलत नाही.
खुंटीवरचा ओळंबा काढतो,
दोरी बोटाला गुंडाळतो, सोडतो,
पुन्हा गुंडाळतो.
तिची पावलं विसाव्या पायरीवर असतील, तिसाव्या.

मग हाक मारतो.