आडवा धागा

रात्री दोनला मेडिकलच्या कॅज्युअल्टीत
सगळ्यांचं पोट एकाच शब्दात दुखतं: दुखून रायलं.
आणि आरोपीही एकच, कालची तर्री.
मी गडहिंग्लजची. पहिले दोन महिने मला वाटायचं
दुखून झालंय, आता मागे काय ते राहिलंय.

मग शब्द हाताने चाचपायला शिकले.
मुरडा संडासला जाऊन येतो आणि जरा हसतो.
बेंबीशी सुरू होऊन उजवीकडे उतरलेलं दुखणं
सीताबर्डीपासूनचा प्रत्येक गतिरोधक मोजत येतं,
वाकून चालतं, खोका म्हटलं तर नको म्हणतं.
आणि पाचपावलीची ती मुलगी,
जिचं पोट फक्त पेपरच्या सकाळी दुखायचं,
रिपोर्ट सगळे चांगले, म्हणून घरी कुणी खरं मानेना.
तिलाही दुखतंच.
हे मला फार उशिरा कळलं.

गेडाम सर म्हणायचे, लोळतो त्याला घाबरू नका.
लोळायचा थांबतो त्याला घाबरा.

तांडापेठचे मोतीराम हेडाऊ लोळत होते.
दोन दिवस वारा सरला नव्हता, उलटी हिरवी,
पोट माठासारखं. बायको म्हणाली, तर्री.
ते म्हणाले, "नाही मॅडम. आत धागा गुंतून रायला."
चाळीस वर्षं मागावर बसलेला माणूस.
केसपेपरवर धागा लिहायला रकाना नव्हता.

स्टेथोस्कोप ठेवला. आत टणटण, उंच, घाईची,
धोटा अडकला तरी कुणी माग हाकतच होतं.
मग विचारलं, जे आधीच विचारायचं होतं:
ही जुनी शिवण कशाची?
"अपेंडिक्स. लग्नाच्या आधीचं."

चारच्या सुमाराला ते लोळायचे थांबले.
"बरं वाटून रायलं वाटते," बायको म्हणाली,
आणि पदरानं त्यांना वारा घालू लागली.
मी पुन्हा कान लावला.
माग बंद.

टेबलावर, जुन्या शिवणीपासून निघालेला
सुतळीहून बारीक एक पांढरा पट्टा,
त्याखाली आतड्याचं जांभळं वेटोळं.
सरांनी कात्री माझ्या हातात दिली.
कापला. गरम ओला कपडा टाकून सगळे थांबलो.
कुणी बोललं नाही.
जांभळ्याला गुलाबी व्हायला किती वेळ लागतो
ते पुस्तकात मिनिटांत लिहिलंय.

सहाव्या दिवशी राउंडला त्यांनीच विचारलं,
"धागाच होता ना?"
हो.
"ताण्याचा का बाण्याचा?"
मी आठवून म्हटलं, आडवा होता.
"मंग बाण्याचा," ते म्हणाले,
आणि बशीतला चहा फुंकत राहिले.